पावणेदोन पेले

मित्रांनो, हातातला दगड जरा खाली ठेवा. मी कुठे पळून जात नाही. मला पाय नाहीत, आणि चंद्राआजी मिठागरावरून यायला अजून बराच वेळ आहे.

तुम्हाला माझ्या गळ्यातली गोटी हवी आहे, हे मला कळतं. तुमच्या आधीही पुष्कळांना ती हवी होती. मला फोडल्याशिवाय ती मिळत नाही, हेही खरं. पण फोडण्याआधी माझं थोडं ऐका. मी एक जुनी सोड्याची बाटली आहे, आणि अठरा वर्षं एक गोष्ट पोटात घेऊन बसले आहे. गोष्ट लाजेची आहे. अभिमानाच्या गोष्टी कुणीही न विचारता सांगतं. लाजेची सांगायला समोर कुणीतरी दगड घेऊन उभं राहावं लागतं.

माझा जन्म काचेच्या भट्टीतला. काच मऊ होती तेव्हाच गोटी माझ्या पोटात टाकली आणि मग गळा चिमटून बारीक केला. त्या चिमट्याच्या दोन खळ्या माझ्या मानेवर अजून आहेत. लोकांना वाटतं, त्या शोभेच्या आहेत. तसं नाही. मला ओतताना खळ्यांची बाजू खाली धरली तर गोटी तिथे अडकून राहते आणि पाणी सुरळीत येतं. उलटी धरली की गोटी गडगडत येऊन तोंड बंद करते. मला कसं धरायचं हे ठाऊक नसलेला माणूस मला हलवत बसतो आणि लोक हसतात. मीही हसायचे. तेव्हा मला दुसऱ्याच्या फजितीवर हसायची सवय होती.

पनवेलच्या बाजारात काशीरामशेटचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक मोठी खोली, एक यंत्र, पाण्याची दोन पिंपं आणि दारात लाकडी बाक. मला रंगीत गोड पाण्याने भरत, यंत्राच्या पेटीत निजवत आणि चाक फिरवत. पोटात वायू शिरला की गोटी उसळून गळ्यातल्या रबरी कड्याला जाऊन बसे. टक्! झाली बाटली तयार. मग बाकावरचं गिऱ्हाईक अंगठ्याने ती गोटी आत ढकली आणि मी अशी काही फुसफुसत उठे की बाजारातली माणसं वळून बघत.

"हिचा फेस बघा हो!" काशीरामशेट म्हणत. "दुसरीला एवढा येत नाय."

मित्रांनो, तिथेच माझं बिघडलं. माझ्या पोटात पाणी किती, हे कुणी कधी विचारलं नाही. सगळे फेसाचंच कौतुक करायचे. लहानपणी ज्या गोष्टीची वाहवा होते, ती गोष्ट आपण मोठेपणीही करत राहतो. मी फेस काढत राहिले.

तसे लोक माझा अंदाज घ्यायचे, नाही असं नाही. पण प्रत्येकाचं माप वेगळं. मीठ घेऊन आलेला गाडीवान विचारायचा, "शेट, एका बाटलीत आमी दोघं भागू काय?" काशीरामशेट म्हणायचे, "तहान लागली असंल तर नाय. ऐट मारायची असंल तर तिघं भागाल." पोट दुखतं म्हणून एक म्हातारे माझं अर्धं पाणी सकाळी प्यायचे आणि उरलेलं अर्धं संध्याकाळसाठी झाकून ठेवायचे. संध्याकाळी त्यात नुसतं कोमट गोड पाणी उरायचं. ते पिऊन ढेकर येत नाही म्हणून ते मलाच नावं ठेवायचे. कुणी मला पावशेराची म्हणायचं, कुणी पावशेराला दोन घोट कमी म्हणायचं. खरं काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. मी कधी फेस उतरल्यावर स्वतःकडे पाहिलंच नव्हतं.

देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती. गव्हाणहून बळीरामदादा नावाचे एक गृहस्थ दुकानात आले. भातशेती आणि मिठागर करणारं घर. त्यांच्या मुलीचं, सत्यवतीचं, लग्न उरणच्या बाजूला एका चांगल्या घरात ठरलं होतं. वऱ्हाडाला लेमन, म्हणजे आमचं ते रंगीत गोड पाणी, पाजायचं त्यांच्या मनात आलं होतं. तोवर गव्हाणात कुठल्या लग्नात बाटलीतलं पाणी कुणी पाजलं नव्हतं. फार झालं तर गुळाचं पाणी.

"वऱ्हाडी किती?" काशीरामशेटनी विचारलं.

"एकशेवीस."

"मग मानशी अर्धी धरा. साठ. आनि वर दहा हाताला असू द्या."

बळीरामदादा हसले. "अंदाज आमची चंद्रा करील. मला एक बाटली द्या नमुन्याला. तिनं एकदा डोल्यानं बघितलं का झालं."

"बाई तांदलाचा अंदाज करतात, दादा. हे उडनारं पानी हाय."

"तिचा अंदाज कधी चुकला नाय," बळीरामदादा म्हणाले. तो नमुना म्हणजे मी.

आता ही चंद्रा कोण, ते सांगते. ती तुमची चंद्राआजी. चंद्रावती. बळीरामदादांची बहीण. तेव्हा चाळिशीची होती. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच खाडीत बुडून गेला होता आणि ती भावाकडे परतली होती. नवरा नसलेल्या बाईला लग्नघरात कुणी पुढे होऊ देत नसे. हळदीला हात लावायचा नाही, नवरीची ओटी भरायची नाही, मांडवात मागे बसायचं. पण चंद्रावतीकडे एक गोष्ट होती. तिला अंदाज होता. मिठाची रास दुरून बघून किती टोपल्या भरतील हे ती सांगायची आणि मोजल्यावर तेवढ्याच भरायच्या. कुठल्याही लग्नात किती माणसांना किती तांदूळ, हे तिलाच विचारत. माणशी एक मूठ, पोरांना अर्धी, आणि घरधन्याच्या अब्रूसाठी वर पाच ओंजळी, असा तिचा हिशोब. म्हणून गावात रीत पडली होती, की लग्नाच्या तांदळाचं पहिलं सूप चंद्रावतीच्या हातून भरायचं. सगळ्या सवाष्णी बाजूला उभ्या राहत, आणि ही पांढऱ्या कपाळाची बाई मधोमध बसून सूप भरत असे. तेवढ्या वेळापुरतं लग्न तिचंही असायचं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असतं तर मी निराळी वागले असते. निदान आता तरी मला तसं वाटतं.

बळीरामदादांच्या ओटीवर आठदहा बाया जमल्या होत्या. शेजारची भामा सगळ्यांत पुढे. तीन पितळी पेले मांडले होते, ताज्या कल्हईचे, चार बोटं खोल. लग्नात हेच पेले फिरणार होते. चंद्रावतीने मला हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि अंगठ्याने गोटी दाबली.

एवढ्या बायका! एवढे डोळे! मी पनवेलच्या बाजारात कधी काढला नव्हता एवढा फेस काढला.

तिने ताक ओततात तसं मला उंचावरून ओतलं. पहिला पेला काठोकाठ. दुसरा काठोकाठ. तिसराही काठोकाठ, वर टोपी आल्यासारखा.

"आयो, फुगलं बघ गो!" भामा ओरडली.

चंद्रावती शांतपणे म्हणाली, "फुगंल नाय तर काय? तांदूल एक माप घातला तर भात तीन मापं व्हतो. तसंच हे. एका बाटलीचे तीन पेले."

मित्रांनो, तिची चूक काय होती, सांगा. जन्मभर तिने एकच फुगणारी वस्तू पाहिली होती, तांदूळ. तांदूळ एकदा फुगला की फुगलेलाच राहतो. तो माणसाला दगा देत नाही. वर येऊन दाखवायचं आणि पाठ फिरली की खाली बसायचं, असं काही जगात असतं हे तिला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. पेले तसेच थोडा वेळ ठेवले असते तरी कळलं असतं. पण पोरं टपलीच होती. त्यांनी पेले ओढले आणि तोंडाला लावले.

"आत्या, माझा अर्धाच हाय!" एक पोर म्हणालं.

"हावरट मेला," भामाने त्याला टपली मारली. "आत्ता काठोकाठ व्हता, मी बघितला."

तेवढ्या बायांमध्ये खरं बोललं ते एक पोर, आणि मार त्यालाच बसला.

चंद्रावतीने चिंचोके मांडले. तीन-तीनचे ढीग. एकशेवीस माणसं, चाळीस बाटल्या. "चाळीस आन रं दादा," ती म्हणाली. "एक बी जास्त नको. उगा माज दिसतो."

मला परत करायची म्हणून ओटीवरच्या कोनाड्यात ठेवलं. तिथून समोरचा मांडव सगळा दिसायचा. मी बघावं म्हणूनच जणू मला तिथे बसवलं होतं.

लग्नाच्या दिवशी भरतीच्या पाण्यावर पनवेलहून होडी आली. चाळीस बाटल्या पेंढ्यात निजवलेल्या, सगळ्या माझ्या बहिणी. सकाळी तांदळाचं पहिलं सूप चंद्रावतीने भरलं. नवरीच्या आत्याला शोभेल असं हिरव्या काठांचं लुगडं ती नेसली होती. सत्यवती बोहल्यावरून तिच्याकडे बघून हसली. लग्न लागलं, आणि मग लेमन निघालं.

बाटल्या मागच्या अंगणात उघडत होते. पेले तिथेच भरायचे आणि ताटात ठेवून मांडवात न्यायचे. अंगणापासून मांडवापर्यंत फार तर साठ पावलं. त्या साठ पावलांत माझ्या बहिणींचा फेस बसत होता. अंगणातून भरलेला निघालेला पेला पाहुण्याच्या हातात पडेपर्यंत अर्धा होत होता.

व्याह्यांच्या भावाने पेल्यात बघितलं. मग शेजाऱ्याच्या पेल्यात बघितलं. "बळीरामदादा," तो म्हणाला, "आमी काय निम्मे पावने हाव?"

व्याह्यापुढे अर्धा पेला! बळीरामदादांचा चेहरा उतरला. "भरा, भरा, परत भरा," ते धावत अंगणात आले. पेले पुन्हा भरले, फेस बसल्यावर पुन्हा. पेला खरोखर भरायचा तर एका बाटलीत पावणेदोनच होतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. चाळीस बाटल्यांत सत्तर माणसं झाली. पन्नास राहिली.

आणि रांगा पुरुषांपासून सुरू केल्या होत्या. त्यामुळे राहिल्या त्या बहुतेक सगळ्या बाया. त्यात पहिल्याच ओळीत बसलेली नवऱ्या मुलाची आई, सोनाबाई. तिच्यापुढे रिकामं ताट येऊन उभं राहिलं.

सोनाबाईचा गळा मोठा गोड. लग्नात एकमेकांच्या घराची गाण्यातून खोड काढायची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. ती बसल्या जागेवरून हसत हसत गायला लागली, आणि तिच्या बाजूच्या बायांनी टाळ्या धरल्या:

"फेस पाजला वऱ्हाडाला गो, पानी ठेवलं आडाला,
गव्हानची बाय मोठी मापाची, पेला दिला गो वाफेचा!"

हसू उठलं. मांडवभर. गव्हाणच्या लोकांनाही हसू आवरलं नाही, तेच मला जास्त लागलं. "माप कुनी केलता?" कुणीतरी विचारलं. सगळ्या मानांनी मागे वळून उत्तर दिलं. हिरव्या काठांच्या लुगड्यातली चंद्रावती खांबाला धरून उभी होती. तिने पदर तोंडावर घेतला नाही. ती फक्त माझ्या कोनाड्याकडे बघत राहिली. आणि मी, रिकामी, धुतलेली, चकचकीत, उन्हात चमकत बसले होते. मला तेव्हा फुटता आलं असतं तर मी फुटले असते.

गाणं लग्नापुरतं असतं म्हणतात. हे नाही राहिलं लग्नापुरतं. गावाने चंद्रावतीचं नाव 'फेसवाली' ठेवलं. पुढच्याच लग्नात तांदळाचा अंदाज भामाला विचारला. चंद्रावती आपणहून गेली आणि सूप घ्यायला हात पुढे केला, तर घरधनीण गोड आवाजात म्हणाली, "राहू दे गो चंद्राबाय, तू बस तिकडं सावलीत." ती सावलीत बसली. पुढच्या लग्नाला गेली नाही.

भामाला विचारलेल्या त्या लग्नात भात उरला आणि गुरांना घालावा लागला. पण भात उरला तर कुणी गाणं करत नाही.

रिकाम्या बाटल्या परत गेल्या तेव्हा काशीरामशेटनी निरोप पाठवला, नमुन्याची एक कमी आहे. बळीरामदादांनी फुटली म्हणून कळवलं. मी फुटले नव्हते. चंद्रावतीने मला कणगीच्या मागे दडवलं होतं. का, ते मला बरेच दिवस कळेना. वाटलं, राग असेल, एक दिवस दगडावर आपटेल. मी वाट बघत होते. शिक्षा झाली की सुटका होते, असं मला वाटायचं.

तिने मला एका दुपारी बाहेर काढलं, घर रिकामं असताना. मला साध्या पाण्याने काठापर्यंत भरलं आणि पेले मांडले. एक पेला भरला. दुसरा तीन बोटं भरला, आणि मी संपले. तिने तीन बोटं पाण्यात बुडवून पुन्हा बघितलं. पावणेदोन. मग तिने मला पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. सातआठ वेळा. दर वेळी पावणेदोन. फेसाशिवाय मी एवढीच आहे, हे मलाही त्या दुपारीच कळलं. शेवटी तिने मला मांडीवर घेतलं आणि माझ्या खळ्यांवरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "तू काय करशील गो? मीच थांबले नाय."

मित्रांनो, तिने मला एखादी शिवी दिली असती तर किती बरं झालं असतं!

तेव्हापासून मी तिच्या घरचं माप झाले. पेजेला एक बाटली पाणी, दोन मुठी कणी. ताकाला एक बाटली दही, दोन बाटल्या पाणी. पुढे शेर-पावशेर गेले आणि लिटर आले. दुकानात सगळ्या बाया गोंधळल्या. चंद्रावतीने लिटरचं माप एकदा घरी मागून आणलं आणि मला त्यात चार वेळा रिकामं केलं. भरायला जे उरलं, तेही बोटांनी मोजलं. मग रॉकेल घेताना कुणी फसवलं तर तिला माप बघायची गरज पडत नसे. तिचा अंदाज आधीपेक्षा पक्का झाला होता. पण तो विचारायला कुणी येत नव्हतं. सतरा वर्षं कुणी आलं नाही.

गेल्या साली सत्यवती आली. आता तीही चाळिशीकडे झुकलेली. तिच्या मुलीचं, दमयंतीचं, लग्न ठरलं होतं. लग्न व्हायचं होतं सत्यवतीच्या सासरघरीच, उरणकडे. सत्यवती चहा न घेताच म्हणाली, "आत्या, अंदाज तू करायचा."

"कसला?"

"सगल्याचा. भाताचा आनि लेमनचा बी."

चंद्रावतीने हातातलं सूप खाली ठेवलं. "माझी थट्टा करायला आलीस काय गो?"

"सतरा वर्सं मी त्या घरात फेसवाल्यांची पोर हाय," सत्यवती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तिने नाकाला पदर लावला. "पान्याचा तांब्या जरा कमी भरला तरी सासू म्हनते, माहेरचं माप दिसतंय. दमयंतीला बी तेच ऐकावं लागतं. माझ्या पोरीच्या लग्नात दुसऱ्या कुनी माप केला, तर ते गानं कधी मरायचं नाय. तू ये."

"चुकलं तर?"

"चुकलं तर दोघी मिलून ऐकू."

चंद्रावती गेली. जाताना तिने मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घातलं. मी नको नको म्हणत होते. माझं कोण ऐकतं?

सोनाबाई आता म्हातारी झाली होती, पण गळा आणि जीभ दोन्ही शाबूत. ती ओटीवर पाय पसरून बसली होती. आजूबाजूला बाया. जुनी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. समोर नव्या तऱ्हेची बाटली होती, पत्र्याच्या झाकणाची, गळ्यात गोटी नसलेली. चंद्रावतीने मला पिशवीतून काढून तिच्या शेजारी ठेवलं. मी शरमेने अर्धी झाले.

तिने नवी बाटली उघडली. पेला तिरका धरला आणि त्याच्या कडेने बारीक धार सोडली. तरी फेस आलाच. ती थांबली. हात मांडीवर ठेवून बसली.

"काय गो, फेस मोजतंस?" सोनाबाईने विचारलं. बाया हसल्या.

"नाय," चंद्रावती म्हणाली. "बसायची वाट बघतंय. एकदा घाई केलती."

मग तिने मला उचलून सगळ्यांना दाखवलं. "ही ती बाटली. हिचा दोष नाय. मी तांदलासारखी मोजली. चूक माझी, आमच्या सत्यवतीची नाय, दादाची बी नाय. गानं म्हनायचं तर माझ्या नावानं म्हना."

ओटीवर कुणी हसलं नाही. मला ओरडून सांगायचं होतं, खोटं आहे ते, फेस मी काढला होता, आठदहा बायांसमोर मिरवायला काढला होता! पण गळ्यात गोटी. रिकाम्या बाटलीचा आवाज मोठ्या माणसांना ऐकू येत नाही.

फेस बसला. तिने पुन्हा ओतलं. पुन्हा थांबली. शेवटी बोटांनी मापून म्हणाली, "दोन पेल्यांना अर्धं बोट कमी. म्हंजे दर पंधरा बाटल्यांमागं एक जास्त लागंल." चिंचोके मांडले. "दोनशे मानसं. शंभर नाय पुरायच्या. एकशेसात. आनि तीन हाताला. एकशेदहा आना." मग सोनाबाईकडे न बघता तिने पुढचं सांगितलं. "आनि वाढायची सुरवात बायांच्या रांगेपासनं करा."

लग्नाच्या सकाळी सत्यवतीने रिकामं सूप आणून आत्याच्या हातात दिलं. सगळ्यांसमोर दिलं. चंद्रावतीने पहिलं सूप भरलं, आणि भरताना चार दाणे बाहेर सांडले. ते तिने एकेक करून उचलले.

दुपारी लेमन निघालं, बायांपासून. पहिला पेला सोनाबाईच्या हातात गेला. तिने तो लगेच तोंडाला लावला नाही. डोळ्यांजवळ धरून, फेस खाली बसेपर्यंत ती तशीच थांबली. अख्खी रांग थांबली. मी चंद्रावतीच्या मांडीवरच्या पिशवीत होते. तिने पिशवीवरूनच माझी मान घट्ट धरली होती.

"भरलंय," सोनाबाई म्हणाली. मग एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "आता मी गानं कंचं म्हनू गो, चंद्राबाय?"

दोनशे माणसं प्याली आणि तीन बाटल्या उरल्या.

गोष्ट इथे गोड झाली, असं तुम्हाला वाटेल. चंद्राआजीची झाली. आता तिला पुन्हा लग्नांची बोलावणी येतात. माझी नाही झाली. माझी चूक तिने सतरा वर्षं स्वतःच्या नावावर वागवली आणि शेवटी चारचौघांत मला निर्दोष ठरवून टाकलं. ज्याचा दोष दुसऱ्याने उचलला, त्याला मान वर करता येत नाही. तिला हे कधी सांगता आलं नाही. म्हणून आज तुम्हाला सांगितलं.

तर मित्रांनो, एवढंच मागते. कुणी खूप फुगून समोर आलं तर जरा थांबा, बसू द्या, मग मापा. कुणाचा अंदाज चुकला तर लगेच त्याचं नाव बदलू नका. आणि जुन्या बाटलीला एकदा धुऊन, पाणी भरून बघा. ती अजून कामाची असते.

आता तुमचा दगड. गोटी हवीच असेल तर मी अडवणार नाही. पण त्याआधी मला त्या रांजणातल्या पाण्याने एकदा भरा आणि तुमच्या चंद्राआजीच्या पेल्यांत ओता. मोजून घ्या.

पावणेदोन. थेंबभरही जास्त नाही.